मोडलेली पट्टी काय सांगते? रेडिएटरच्या ब्रॅकेटपासून धातूंच्या शिणवट्यापर्यंत

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची व्यवस्था केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि सांगाडा, बाह्यकवच वा इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी वाहने या वर्गात येतात. त्यांच्या क्रमांकपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नियमाची भाषा कायद्याची असली, तरी तिच्या पोटात एक शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. ५० वर्षे धावलेल्या गाडीचा मूळ भाग मोडला, तर तो मूळचाच राहील आणि पुन्हा मोडणारही नाही, अशा रीतीने सांधायचा कसा?

या प्रश्नाचे सर्वांत साधे रूप गाडीच्या पुढच्या जाळीमागे सापडते. तिथे रेडिएटर असतो आणि त्याला गाडीच्या अंगाशी धरून ठेवणाऱ्या पोलादी पट्ट्या असतात. गॅरेजच्या भाषेत त्यांना ब्रॅकेट म्हणतात. जुनी गाडी उघडली की यांतली एखादी पट्टी बोल्टच्या भोकातून किंवा वाकवलेल्या कोपऱ्यातून आरपार तडकलेली आढळते. नवल वाटावे अशी ही गोष्ट आहे. २५ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड अशी साध्या पोलादाची पट्टी सरळ ओढून तोडायची झाली, तर सुमारे २ टन वजनाइतके बल लावावे लागते. लहान मोटारीचा रेडिएटर मात्र पाण्यासकट एका माणसाला सहज उचलता येतो. मग पट्टी मोडली कशाने?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला विज्ञानाला जवळजवळ एक शतक लागले. ते उत्तर ज्याला ठाऊक आहे, त्याचीच दुरुस्ती टिकते.

पट्टी मुळात कशासाठी असते, येथून सुरुवात करावी लागेल. पेट्रोल जळताना निघणाऱ्या ऊर्जेचा थोडाच भाग चाकांपर्यंत पोहोचतो. ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने इंजिनाभोवतीच्या पाण्याला बाहेर वाहून न्यावी लागते. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत यासाठी वेगळा रेडिएटर नव्हता. पाणी उकळे, वाफ होऊन उडून जाई आणि वाटेत पुन्हा भरावे लागे. बेर्था बेन्झ यांनी १८८८ मध्ये मानहाइम ते फोर्झहाइम हा प्रसिद्ध प्रवास केला, तेव्हा जागोजागी थांबून पाणी घेणे हा त्या प्रवासाचा भागच होता.

इंजिने बलवान होऊ लागली, तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी छेदाच्या ८,०७० आखूड नळ्या एकमेकींना सांधलेल्या होत्या. नळ्यांतून हवा वाहे आणि नळ्यांमधल्या अरुंद फटींतून पाणी. हवेला भिडणारा पृष्ठभाग एकदम वाढला आणि थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड राहू लागले. पुढच्या काळात रचना बदलत गेली, परंतु तत्त्व तेच राहिले.

या यशाची किंमत होती नाजूकपणा. तांब्या-पितळेचे पातळ पत्रे आणि त्यांना जोडणारे डाखाचे, म्हणजे सोल्डरचे, असंख्य सांधे असा हा ऐवज. गाडीचे एक चाक खड्ड्यात गेले की तिची चौकट किंचित पिळवटते. तो पीळ जसाच्या तसा रेडिएटरपर्यंत पोहोचला, तर सांधे उसवून पाणी गळू लागते. म्हणून रेडिएटर चौकटीला थेट जखडला जात नाही. मध्ये पोलादी पट्टी असते आणि पुष्कळ रचनांत पट्टीसोबत रबराची गादी असते. अशा पट्टीवर दोन परस्परविरोधी कामे सोपवलेली असतात. रेडिएटर घट्ट धरायचा, आणि चौकटीचा पीळ मात्र त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही. हे दुसरे काम विसरून केलेली दुरुस्ती पुढे महागात पडते.

आता पट्टी मोडण्याकडे वळू.

जर्मनीतील हार्त्झ पर्वतात चांदीच्या व इतर धातूंच्या खाणी होत्या. खनिज वर खेचणाऱ्या लोखंडी साखळ्या तिथे वारंवार तुटत. क्लाउस्थाल येथील खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८२९ च्या सुमारास अशा साखळ्यांवर पुन:पुन्हा भार टाकून चाचण्या घेतल्या. साखळी किती वजन पेलते, एवढेच पाहून भागत नाही. ते वजन ती किती वेळा पेलते, हेही पाहावे लागते, हे या प्रयोगांतून पुढे आले. धातूंच्या शिणवट्याची ही पहिली पद्धतशीर तपासणी मानली जाते.

या विषयाकडे जगाचे लक्ष मात्र एका भीषण अपघाताने वेधले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या पहिल्या इंजिनाचा आस मोडला. मागचे डबे त्यावर चढले, आग लागली आणि ५० हून अधिक माणसे मरण पावली. दक्षिण ध्रुवाकडच्या सागरी मोहिमा गाजवलेले द्यूमों द्युर्व्हिल हे दर्यावर्दीही त्यांत होते. आस जाड होता आणि आदल्या दिवसापर्यंत तोच भार त्याने निमूटपणे वाहिला होता.

त्या काळी अशा मोडतोडीचा एक रूढ खुलासा होता. लोखंडाची घडण तंतुमय असते, धक्क्यांमुळे ती बदलून स्फटिकमय होते आणि लोखंड ठिसूळ बनते, असे सांगितले जाई. मोडलेल्या तोंडावर चकाकणारे कण दिसत. त्यावरून ही समजूत पक्की झाली होती. पुढे ऊष्मागतिकीत नाव कमावणारे विल्यम रँकिन तेव्हा जेमतेम २२-२३ वर्षांचे होते. त्यांनी १८४३ मध्ये रेल्वेच्या मोडलेल्या आसांचे निरीक्षण मांडले. आसाची जाडी जिथे एकदम बदलते, त्या खांद्यापाशी एक बारीक चीर सुरू होते, ती हळूहळू आत सरकते, आणि उरलेला गाभा भार पेलण्यास अपुरा पडला की आस मोडतो, असे त्यांच्या ध्यानात आले. दोष साऱ्या धातूत पसरलेला नसून एका जागी होता, आणि ती जागा आकाराने ठरवलेली होती. खांद्याचा कोपरा गोलाकार करावा, असा उपायही त्यांनी सुचवला. १८५४ मध्ये फ्रेडरिक ब्रेथवेट यांच्या निबंधाच्या शीर्षकात या प्रकाराला ‘फटीग’ हा शब्द आला. मराठीत त्याला शिणवटा म्हणतात.

शब्द समर्पक आहे, तसा थोडा फसवाही आहे. माणसाचा शीण विश्रांतीने जातो. धातूचा जात नाही. गाडी वर्षभर उभी ठेवली, तरी पडलेली चीर होती तेवढीच राहते.

शिणवट्याला आकड्यांची शिस्त लावली ती ऑगस्ट व्होलर यांनी. प्रशियातील एका रेल्वेचे अभियंते असलेल्या व्होलर यांनी १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे १२ वर्षे आसांवर प्रयोग केले आणि १८७० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकदाच लावलेल्या भाराने धातू मोडायला जेवढे प्रतिबल लागते, त्याहून कितीतरी कमी प्रतिबल पुन:पुन्हा दिले तरी धातू मोडतो. प्रतिबल म्हणजे छेदाच्या दर एकक क्षेत्रफळावर येणारे बल. ते जितके कमी, तितकी अधिक आवर्तने धातू सोसतो. पोलादाच्या बाबतीत एक मर्यादा अशी आढळते की तिच्याखाली तो जवळजवळ अमर्याद आवर्तने सोसू शकतो. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. पोलादावर गंज चढला की त्याचेही हे अभय जाते. किनाऱ्यावरच्या आणि पावसाळी प्रदेशांतल्या गाड्यांच्या बाबतीत ही बाब विसरून चालत नाही.

चिरेचा जन्म प्रत्यक्ष पाहण्यासाठी १९०३ साल उजाडावे लागले. जेम्स ॲल्फ्रेड युइंग आणि हम्फ्री यांनी लोखंडाचा तुकडा आरशासारखा घासून त्याला वारंवार उलटसुलट वाकवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. स्फटिककणांच्या आत सरकल्याच्या बारीक रेषा उमटल्या, आवर्तनांबरोबर त्या दाट झाल्या, आणि त्यांतल्याच काहींच्या पुढे चिरा झाल्या. धातू प्रारंभापासूनच स्फटिकमय असतो, कंपनांनी तो स्फटिक बनत नाही, हे यातून स्पष्ट झाले. जुन्या समजुतीचा पाया ढासळला. पण ‘लोखंड कंपनाने कुजते’ अशा अर्थाचे बोलणे आजही कानी पडते.

राहिला प्रश्न भोकाचा. रुंद पत्र्याला गोल भोक पाडून तो ताणला, तर भोकाच्या कडेला प्रतिबल सरासरीच्या तिप्पट होते, हे जर्मन अभियंते कीर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखवले. कोपरा जितका तीक्ष्ण, तितकी ही पट अधिक. १९५४ मध्ये ‘कॉमेट’ या प्रवासी जेट विमानांच्या अपघातांचा तपास चालू असताना फार्नबरो येथे एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून पुन:पुन्हा दाब देण्यात आला. प्रत्यक्ष उड्डाणे व टाकीतील आवर्तने मिळून ३,०५७ फेऱ्यांनंतर त्याचे कवच खिडकीच्या कोपऱ्याजवळ फाटले. विमानाचे कवच काय, रेडिएटरची पट्टी काय, चीर आपली सुरुवात भोकापाशी आणि कोपऱ्यापाशीच शोधते.

आता ही सारी माहिती घेऊन पुन्हा गाडीच्या पुढच्या जाळीमागे यावे. चार सिलिंडरांच्या, चार धावांच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत नुसते घुरघुरत असले, तरी सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात. या हिशेबाने अवघ्या साडेदहा तासांत १० लाख आवर्तने पुरी होतात. सिग्नलपाशी आणि वाहनांच्या कोंडीत थांबलेली टॅक्सी काही दिवसांतच एवढे सोसते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर तेच १० लाख पावणेतीन तासांत भरतात. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण पाण्यापेक्षा धातूला अधिक लागू पडावी!

यात पंख्याची भर पडते. जुन्या गाड्यांत पत्र्याचा पंखा बहुधा पाण्याच्या पंपाच्या आसावरच बसवलेला असे. एखादे पाते वाकले किंवा झिजले आणि अक्षापासून १५ सेंटिमीटरवर केवळ १० ग्रॅमचा असमतोल राहिला, तर मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सुमारे १५० न्यूटन इतके फिरते बल निर्माण होते. हे बल १५ किलो वजनाइतके, आणि ते सेकंदाला ५० वेळा दिशा पालटते. त्यातच रबराची गादी उष्णतेने कडक झालेली असेल, तर हे हादरे शोषून घेणारे कोणी उरत नाही. पट्टी आणि रेडिएटर यांची मिळून जी स्वाभाविक कंप्रता असते, ती धक्क्यांच्या कंप्रतेशी जुळली, तर अनुनादामुळे हालचाल कितीतरी पटींनी वाढते. गंजाने जाडी निम्मी झालेली पट्टी तेवढ्याच भाराखाली चौपट प्रतिबल सोसते, कारण वाकण्याचे प्रतिबल जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. दोन टनांना दाद न देणारी पट्टी मोडते ती अशी.

भारतात या शास्त्राला एक वेगळीच प्रयोगभूमी लाभली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. बिर्ला समूहाची १९४२ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान मोटर्स पुढे बंगालमध्ये उत्तरपाड्याला स्थिरावली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, सुटे भाग आणून नुसत्या जुळवणाऱ्या आणि देशांतर्गत निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना येथे वाव राहिला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. उरलेल्या मोजक्या मोटारी मग दशकानुदशके जवळजवळ त्याच रूपात निघत राहिल्या. मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली ॲम्बेसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि मे २०१४ पर्यंत निघत राहिली. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली आणि शतक संपेपर्यंत टिकली.

उद्योगाच्या दृष्टीने ही कुंठितावस्था होती, आणि ग्राहकाने तिची किंमत मोजली. मात्र धातूंच्या शिणवट्याच्या दृष्टीने पाहिले, तर असा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेला मांडता आला नसता. एकच रचना, असंख्य गाड्या, हिमालयाच्या घाटांपासून मुंबईच्या खाऱ्या हवेपर्यंत पसरलेले रस्ते, आणि चार-पाच दशकांचा काळ. आयातीवर निर्बंध असल्याने मोडलेला भाग टाकून देणे परवडत नसे. कोणती पट्टी कुठे तडकते आणि कशी सांधली की टिकते, हे ज्ञान कारागिरांच्या हातांत साठत गेले.

त्याच काळात औपचारिक संस्थाही उभ्या राहत होत्या. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते २६ नोव्हेंबर १९५० रोजी झाले. त्याच वर्षी सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतून देशभर आयटीआयचे जाळे विणले गेले. वेल्डर आणि मोटार मेकॅनिक हे व्यवसाय तिथे शिकवले जाऊ लागले. वाहनांच्या चाचण्यांसाठी १९६६ मध्ये पुण्यात एआरएआय ही संस्था स्थापन झाली. प्रयोगशाळेकडे व्होलरचे आलेख होते आणि गॅरेजकडे मोडलेल्या पट्ट्यांचा ढीग. या दोहोंची गाठ पडली असती, तर एक मोठा ज्ञानसंग्रह देशाच्या हाती आला असता. कारागिराने पाहिलेले बहुतेक सारे अलिखितच राहिले.

तरीही कारागिराच्या कृतीत किती भौतिकशास्त्र सामावलेले आहे, हे रेडिएटरच्या दुरुस्तीत चांगले दिसते. काही रचनांत पोलादी पट्टी रेडिएटरच्या पितळी टाकीलाच डाखाने जोडलेली असते. कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. पट्टीची चीर पितळी कांडीने झाळायची, म्हणजे ब्रेझिंग करायची, तर सुमारे ९०० अंश तापमान लागते. पट्टी जागेवर ठेवूनच ज्योत लावली, तर टाकीचे सारे सांधे सुटतील. म्हणून जाणता कारागीर पट्टी आधी सोडवून घेतो, ती वेगळी झाळतो, थंड झाल्यावर तिच्या तोंडावर कथलाचा हात फिरवतो आणि मग डाखाने टाकीला जोडतो. जास्त तापमानाचा सांधा आधी, कमी तापमानाचा नंतर, हा क्रम सोनारांच्या पेढीवरही पाळला जातो.

कथलाचा हा हात म्हणजे आपल्या घरोघरच्या भांड्यांची कल्हईच. नवसागर तापलेल्या धातूवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो, तेव्हाच २३२ अंशांना वितळलेले कथील तिथे पसरते. झाळकामात हेच काम टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, करतो. लडाखमधील पुगा खोऱ्यातून आणि तिबेटातून येणारा हा क्षार भारतीय सोनारांना पूर्वापार परिचित होता. त्याचे ‘टंकण’ हे संस्कृत नाव ‘टिंकल’ या रूपाने युरोपीय भाषांतही पोहोचले. मोटारगाडी परदेशातून आली, पण तिचा रेडिएटर सांधण्याच्या युक्त्यांपैकी निम्म्या येथे आधीपासूनच होत्या.

झाळकामाचा आणखी एक गुण आहे. साधे पोलाद वितळायला सुमारे १,५०० अंश लागतात. ब्रेझिंगमध्ये ते वितळत नाही, फक्त पितळ त्याच्या फटीत केशाकर्षणाने शिरते. वेल्डिंगमध्ये पोलाद स्वतःच वितळते आणि गोठते. गोठताना ते आकसते, आजूबाजूचा धातू त्याला अडवतो, आणि सांध्याच्या परिसरात ओढीचे प्रतिबल कायमचे कोंडले जाते. वेल्डची कड जिथे पत्र्याला मिळते, तिथे एक सूक्ष्म खाच राहते. म्हणून वेल्ड केलेली पट्टी पुन्हा मोडते, तेव्हा ती बहुधा सांध्यात मोडत नाही, सांध्याच्या कडेला मोडते. कारागीर म्हणतो, ‘वेल्डिंग पक्के होते, पत्राच गेला.’ त्याचे निरीक्षण बरोबर आहे; पत्रा का गेला, हे मात्र त्या वेल्डनेच ठरवले होते. वेल्ड केलेल्या सांध्यांचे आयुष्य सामान्यतः प्रतिबलाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. प्रतिबल निम्मे केले, तर आयुष्य आठपट होते. कड घासून गुळगुळीत करणे, कोपऱ्याला गोलाई देणे ही कामे सजावटीची नाहीत. तीच आयुष्य वाढवतात.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे जाड पट्टी लावणे. जाडी दुप्पट केली तर तेवढ्याच भाराखाली प्रतिबल चौथाई होते, हे खरे. पण पट्टीचा ताठपणा आठपट होतो. पूर्वी जो पीळ पट्टी स्वतः वाकून जिरवत होती, तो आता थेट टाकीच्या डाखावर जाऊन आदळतो. काही महिन्यांनी पट्टी शाबूत राहते आणि रेडिएटर गळू लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होतो. मूळ अभियंत्याने पट्टी पातळ ठेवली, त्यामागे केवळ पत्र्याची बचत नव्हती.

म्हणून दुरुस्तीचे पहिले हत्यार डोळा हेच होय. मोडलेल्या तोंडावर दोन भाग वेगळे ओळखू येतात. एक गुळगुळीत, बहुधा गंजाने काळवंडलेला. त्यावर ओहोटीच्या वेळी वाळूवर उमटतात तशा वक्र रेषा कधी कधी दिसतात. दुसरा खरखरीत आणि ताजा. पहिला भाग चीर कित्येक दिवस सरकत होती ती वाट. दुसरा भाग शेवटच्या क्षणाची मोडणूक. गुळगुळीत भाग मोठा आणि खरखरीत भाग लहान असेल, तर भार मुळात हलका होता आणि दोष आवर्तनांचा होता. चिरा पत्र्याच्या दोन्ही अंगांनी आत आल्या असतील, तर पट्टी पुढे-मागे अशी उलटसुलट वाकत होती. बोल्टच्या भोकाची कड घासून चकाकत असेल, तर बोल्ट सैल होता. न दिसणारी चीर शोधण्याची रेल्वे कार्यशाळांतली जुनी युक्तीही कामी येते. भाग तेलात बुडवून पुसावा आणि त्यावर खडूचा पातळ थर द्यावा. चिरेत राहिलेले तेल खडूवर रेघ उमटवते. मग तिच्या टोकाला लहान भोक पाडले की टोकाची धार बोथट होते आणि चीर पुढे सरकण्याचे थांबते किंवा लांबते.

त्यानंतर मूळ कारण दूर करणे: कडक झालेले रबर बदलणे, पंखा समतोल करणे, इंजिनाखालच्या गाद्या तपासणे, बोल्ट आवळणे. सांधणे हे सर्वांत शेवटचे काम. बहुतेक ठिकाणी तेच पहिले आणि एकमेव काम असते, आणि म्हणूनच तीच पट्टी पुन:पुन्हा गॅरेजला येते.

हे सारे आज आठवण्याचे कारण आहे. १९८० च्या दशकापासून ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेले रेडिएटर रुळले. त्यांना डाख लागत नाही, ते बदलले जातात. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तांब्या-पितळेचा रेडिएटर सांधणारे हात त्यामुळे कमी होत चालले आहेत. दुसरीकडे, केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चे धोरण पुढे आणून त्यात मोटारींचाही समावेश केला. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळणे हा त्या हक्काचा एक भाग झाला. वस्तू का मोडली हे ओळखता येणे हा दुसरा भाग, आणि तो कोणत्याही कायद्याने मिळत नाही.

या विद्येची गरज काही जुन्या मोटारींपुरती मर्यादित नाही. औष्णिक वीजकेंद्रांतील नळ्या आणखी किती वर्षे चालतील, याचा अंदाज जमशेदपूरची प्रयोगशाळा बांधते. जुने रेल्वे पूल, विमानांची इंजिने आणि पवनचक्क्यांची पाती यांच्याबाबत विचारला जाणारा प्रश्नही पट्टीच्या प्रश्नाहून वेगळा नाही: किती आवर्तने झाली, चीर कुठे सुरू होईल, आणि ती दिसेपर्यंत अवधी किती? आयटीआयचा विद्यार्थी आणि पदार्थविज्ञानाचा पदवीधर या दोघांच्याही हाती मोडलेली पट्टी देता येईल, इतके हे उपकरण स्वस्त आहे.

व्हिंटेज गाडीच्या कागदपत्रांत तिचे वर्ष, रंग आणि इंजिनाचा क्रमांक नोंदलेला असतो. त्यांत आणखी एका पानाची भर पडायला हवी. कोणता भाग कुठून मोडला, मोडलेले तोंड कसे होते, कारण काय निघाले आणि सांधा कोणत्या रीतीने घातला, हे त्या पानावर असावे. सांधलेली पट्टी एका गाडीच्या उपयोगी पडते. मोडलेल्या पट्टीची नोंद मात्र तिच्यासारख्या प्रत्येक गाडीच्या उपयोगी पडते.